उपजालांचे विषम विभाजन

उपजालांचे विषम विभाजन : संगणक-जालास मिळालेल्या पत्त्यांच्या सलग समूहाचे, गरजेनुसार लहानमोठ्या आकारांच्या गटांत विभाजन करण्याची पद्धती. अशा प्रत्येक गटास उपजाल म्हणतात. व्यवहारात ‘सबनेट’ हाच शब्द रूढ आहे. सर्व गट सारख्या आकाराचे असल्यास विभाजन सम व आकार भिन्न असल्यास ते विषम होय. शेतजमिनीच्या एका सर्व्हे नंबरचे जसे कमीअधिक क्षेत्राचे पोटहिस्से पडतात, तसेच काहीसे येथे घडते. मात्र पत्त्यांच्या बाबतीत प्रत्येक हिश्शाचा आकार २ च्या घाताएवढाच (४, ८, १६, ३२...) असावा लागतो आणि त्याचा आरंभ त्याच आकाराच्या पटीत येणाऱ्या अंकावर व्हावा लागतो.

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे शक्य असलेल्या पत्त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढी ठरते. लिहिताना या ३२ बिटांचे आठआठ बिटांचे चार भाग पाडून प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील दशमान अंकाने दर्शवितात. पत्त्याचा डावीकडील भाग जालाचा व उजवीकडील भाग त्या जालातील संगणकाचा निर्देश करतो. या दोन भागांमधील सीमा नेमकी कोठे आहे आणि ती राउटरला (संदेश एका जालातून दुसऱ्या जालात पोहोचविणाऱ्या यंत्राला) कशावरून कळावी, या एका प्रश्नाभोवती या विषयाचा सर्व इतिहास फिरतो. १९८० ते १९९३ या काळात त्याची चार वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

इतिहास : जानेवारी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात पहिले उत्तर आढळते. त्याचे संपादन दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी केले होते. त्यानुसार पहिले आठ बिट जालाचे व उरलेले चोवीस बिट संगणकाचे होते. सीमा अचल असल्याने ती कळविण्याचा प्रश्नच नव्हता. पण जगात सर्व मिळून अडीचशेच्या आसपासच जाले असू शकतील, हे त्यात गृहीत होते. त्या वेळी मोठ्या आकाराची मोजकीच जाले अस्तित्वात होती, त्यामुळे ही कल्पना तितकीशी चुकीची म्हणता येत नाही. मात्र त्याच सुमारास इमारतीपुरती मर्यादित असणारी स्थानिक जाले पसरू लागली आणि हा आकडा अपुरा पडणार हे स्पष्ट झाले.

सप्टेंबर १९८१ मध्ये वर्गपद्धती स्वीकारण्यात आली. तीत पत्त्याच्या सुरुवातीच्या बिटांवरूनच सीमा ओळखता येत असे. पहिला बिट ० असल्यास पत्ता ‘अ’ वर्गाचा व सीमा आठव्या बिटानंतर. पहिले दोन बिट १० असल्यास ‘ब’ वर्गाचा व सीमा सोळाव्या बिटानंतर. पहिले तीन बिट ११० असल्यास ‘क’ वर्गाचा व सीमा चोविसाव्या बिटानंतर. अ वर्गाची १२६ जाले शक्य होती व प्रत्येकात १,६७,७७,२१४ संगणकांची सोय होती. ब वर्गाची १६,३८४ जाले व प्रत्येकात ६५,५३४ संगणक, तर क वर्गाची २०,९७,१५२ जाले व प्रत्येकात केवळ २५४ संगणक अशी व्यवस्था होती. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या अमेरिकन जालाने जुनी नियमावली सोडून नवी स्वीकारली, तेव्हा हीच पत्तापद्धती प्रत्यक्ष वापरात आली.

ही योजना सुटसुटीत होती. पत्ता पाहताच त्याची सीमा कळे, सोबत आणखी काही पाठवावे लागत नसे. दोष होता तो आकारांत. २५४ आणि ६५,५३४ यांच्या दरम्यान काहीच नव्हते. तीनशे संगणक असलेल्या संस्थेस क वर्ग अपुरा पडे म्हणून ती ब वर्गाचा पत्ता मागे आणि तो तिला मिळेही. मग त्यातील अर्धा टक्का पत्तेसुद्धा वापरले जात नसत. उरलेले पत्ते दुसऱ्या कोणास देताही येत नसत, कारण सीमा पत्त्याच्या बिटांतच कोरलेली होती. अ वर्गातील वाटप तर याहून सढळ होते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम.आय.टी.) या संस्थेकडे १८ या अंकाने सुरू होणारे सर्व पत्ते होते. त्यांपैकी सु. १ कोटी ४० लक्ष पत्ते कधी वापरलेच गेले नाहीत, असे या संस्थेनेच २०१७ मध्ये जाहीर केले आणि त्यांतील काही विक्रीस काढले.

उपजालांची कल्पना : पत्त्यांच्या टंचाईमुळे उपजाले निर्माण झाली, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. त्यांचा उगम विद्यापीठांच्या अंतर्गत सोयीत आहे. एकाच विद्यापीठात निरनिराळ्या विभागांची अनेक स्थानिक जाले असत. प्रत्येकास स्वतंत्र जालक्रमांक घेतल्यास जगातील सर्व राउटरांना त्यांची नोंद ठेवावी लागे. त्याऐवजी विद्यापीठास एकच क्रमांक असावा व आतील विभागणी बाहेरच्यांना दिसू नये, हे सोयीचे होते. स्टॅनफर्ड, एम.आय.टी. व कार्नेगी-मेलन या विद्यापीठांनी आपापल्या परीने असे मार्ग काढले होते, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये या विषयावर एक टिपण प्रसृत केले. त्यावर इतर प्रस्ताव पुढे आले आणि ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल व पोस्टेल यांनी लिहिलेले मानक ‘आर.एफ.सी. ९५०’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले.

उपजालाचा भाग नेहमी आठ बिटांचा ठेवावा किंवा वर्गपद्धतीप्रमाणे त्याचीही लांबी आरंभीच्या बिटांत सांकेतिक रूपाने नोंदवावी, असे पर्याय या चर्चेत होते. ते मागे ठेवून मास्क ही कल्पना स्वीकारली गेली. मास्क म्हणजे ३२ बिटांची अशी एक संख्या की, जिच्यात जाल व उपजाल दर्शविणाऱ्या प्रत्येक स्थानी १ व संगणक दर्शविणाऱ्या प्रत्येक स्थानी ० असतो. पत्ता व मास्क एकाखाली एक मांडून ज्या स्थानी दोहोंत १ असेल तेथेच १ ठेवला की, उपजालाचा क्रमांक मिळतो. उदा., २०० चे द्विमान रूप ११००१००० व २२४ चे १११००००० आहे; दोन्हींच्या संयोगाने ११००००००, म्हणजे १९२ मिळतात. याचा अर्थ, शेवटच्या भागात २०० असलेला व २२४ हा मास्क लावलेला पत्ता १९२ पासून सुरू होणाऱ्या उपजालातील आठवा होय.

मास्कची निवड दूरगामी ठरली. सीमा पत्त्यातून प्रथमच बाहेर आली आणि कोठेही सरकवता येण्याजोगी झाली. त्या मानकाने तर मास्कमधील १ हे अंक सलगच असावेत अशी सक्तीही केली नव्हती. सलग ठेवावेत एवढीच शिफारस होती. मात्र सीमा पत्त्यात नसल्यामुळे ती आता वेगळी सांगावी लागणार होती आणि पुढील सर्व अडचणी येथूनच निर्माण झाल्या.

विषम विभाजन व त्यातील अडथळा : १९८७ मध्ये राउटरांसाठी प्रसिद्ध झालेल्या नियमांत (आर.एफ.सी. १००९) एकाच जालात एकाहून अधिक लांबीचे मास्क वापरण्यास वाव दिला गेला. गरज तर आधीपासूनच होती. दूरच्या दोन कार्यालयांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारेच्या दोन टोकांना दोनच पत्ते लागतात. पण सम विभाजनात त्या तारेलाही इतर उपजालांएवढेच, म्हणजे बहुधा २५४ पत्ते द्यावे लागत. त्यांतील २५२ वाया जात. ज्या संस्थेच्या शाखा अनेक, तिचे नुकसानही तेवढेच अधिक होई.

तरीही परवानगी मिळताच वापर सुरू झाला नाही. याचे कारण राउटर एकमेकांना मार्गांची माहिती ज्या नियमावलीनुसार कळवीत, तिच्यात होते. त्या काळी सर्वांत प्रचलित असलेली आर.आय.पी. ही नियमावली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स प्रणालीबरोबर १९८३ पासून मोफत मिळत असल्याने सर्वत्र पसरली होती. तिचे लेखी मानक मात्र रटगर्झ विद्यापीठातील चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये तयार केले. या नियमावलीच्या संदेशात पत्ता व अंतर एवढेच असे, मास्कसाठी जागाच नव्हती. संदेश मिळालेला राउटर स्वतःच्या तारेवर जो मास्क असेल तोच शेजाऱ्याकडेही असणार असे गृहीत धरी. सर्व उपजाले सारखी असली तर हा अंदाज अचूक ठरे. एक जरी वेगळ्या आकाराचे असले तरी चुके. एका गावात कच्च्या शेराने व दुसऱ्यात पक्क्या शेराने मोजावे आणि चिठ्ठीवर केवळ ‘पाच शेर’ एवढेच लिहावे, असा हा प्रकार होता.

मास्क चुकल्यास जाल पूर्ण बंद पडते असे नाही आणि म्हणूनच दोष सापडणे कठीण जाते. आवश्यकतेपेक्षा आखूड मास्क असलेला संगणक शेजारच्या उपजालातील संगणकांनाही आपल्याच तारेवरील समजतो. त्यांना तो राउटरकडे न जाता थेट हाक मारतो व उत्तर मिळत नाही. दूरच्या संगणकांशी मात्र त्याचा संपर्क सुरळीत राहतो. काही राउटर अशा हाकेला दुसऱ्याच्या वतीने उत्तर देत असल्याने चूक वर्षानुवर्षे झाकलेलीही राही.

हा अडथळा नव्या नियमावल्यांनी दूर केला. प्रत्येक मार्गाबरोबर त्याचा मास्कही पाठविणाऱ्या ओ.एस.पी.एफ. या नियमावलीचे पहिले मानक जॉन मॉय यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रसिद्ध केले व सुधारलेली दुसरी आवृत्ती जुलै १९९१ मध्ये आली. आर.आय.पी.च्या दुसऱ्या आवृत्तीत जानेवारी १९९३ मध्ये मास्कसाठी जागा करण्यात आली. परवानगी व प्रत्यक्ष वापर यांत अशा रीतीने काही वर्षे गेली. नेमक्या याच वर्षांत ब वर्गाचे पत्ते झपाट्याने संपत होते.

विभाजनाची रीत : समजा, एका संस्थेकडे १९२.१६८.१०.० पासून सुरू होणारे २५६ पत्ते आहेत (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत). संस्थेच्या चार विभागांत राउटर धरून अनुक्रमे १००, ५०, २५ व १० पत्ते हवे आहेत आणि शाखांकडे जाणाऱ्या चार तारांना प्रत्येकी २. एकूण गरज १९३ पत्त्यांची आहे, म्हणजे पत्ते पुरेसे आहेत. तरीही सम विभाजनाने हे काम होत नाही. आठ उपजाले हवीत म्हणून तीन बिट घेतल्यास प्रत्येकात ३० च संगणक मावतात. शंभरांचा विभाग मावावा म्हणून एक बिट घेतल्यास दोनच उपजाले होतात.

विषम विभाजनात सर्वांत मोठ्या गरजेपासून आरंभ करतात. पहिल्या विभागास ० ते १२७ (मास्कचा शेवटचा भाग १२८), दुसऱ्यास १२८ ते १९१ (१९२), तिसऱ्यास १९२ ते २२३ (२२४) व चौथ्यास २२४ ते २३९ (२४०) असे पत्ते दिले जातात. प्रत्येक गटातील पहिला पत्ता उपजालाचा स्वतःचा व शेवटचा सर्वांना एकदम संदेश पाठविण्याचा असल्याने वापरास अनुक्रमे १२६, ६२, ३० व १४ उरतात. राहिलेल्या २४० ते २५५ या सोळा पत्त्यांचे चारचारांचे चार गट पाडून (२५२) ते चार तारांना देतात. समूह तंतोतंत संपतो. क्रम उलटा धरून लहान गट आधी कसेही टाकल्यास मात्र ६४ किंवा १२८ च्या पटीत येणारी जागा अडते आणि पत्ते शिल्लक असूनही मोठा गट बसत नाही.

अशा जालात एका पत्त्याला दोन मार्ग जुळू शकतात. संपूर्ण २५६ पत्त्यांचा मार्ग एका दिशेने व २२४ पासूनच्या सोळांचा दुसऱ्या दिशेने नोंदलेला असल्यास २३० हा पत्ता दोहोंत बसतो. अशा वेळी राउटर अधिक लांब मास्क असलेला, म्हणजे अधिक नेमका मार्ग निवडतो. विषम विभाजनाचा सर्व डोलारा या एका नियमावर उभा आहे.

वरील मांडणी १९८५ च्या मानकानुसार मात्र अग्राह्य ठरली असती. उपजालाच्या भागातील सर्व बिट ० किंवा सर्व १ असलेली उपजाले वापरू नयेत, असे त्यात सांगितले होते. याचा अर्थ पहिला व शेवटचा हिस्सा सोडून द्यायचा. एक बिट घेऊन दोन हिस्से केल्यास वापरण्यास काहीच उरत नसे. हा निर्बंध कालबाह्य झाल्याचे डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. १८७८ मध्ये नमूद केले गेले, परंतु पाठ्यपुस्तकांतून तो त्यानंतरही बराच काळ शिकविला जात होता.

चालू जालातील आकार बदलणे हे मूळ नियोजनापेक्षा अवघड असे. डी.एच.सी.पी. ही पत्ते आपोआप पुरविणारी योजना ऑक्टोबर १९९३ मध्ये येण्यापूर्वी पत्ता व मास्क हे बहुधा प्रत्येक संगणकापाशी जाऊन हातानेच बदलावे लागत. या अडचणीवर पॉल त्सुचिया यांनी एप्रिल १९९१ मध्ये सुचविलेला उपाय कल्पक आहे. उपजालांचे क्रमांक नेहमीप्रमाणे ००१, ०१०, ०११ असे न देता आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे, म्हणजे १००, ०१०, ११० असे द्यावेत. संगणकांचे क्रमांक मात्र उजवीकडून नेहमीप्रमाणे वाढवावेत. अशाने उपजालांचे अंक डावीकडून व संगणकांचे उजवीकडून एकमेकांच्या दिशेने सरकतात आणि मधल्या शून्यांचा प्रदेश दोहोंपैकी कोणाचा हे ठरविणे शेवटपर्यंत लांबविता येते. एखादा विभाग वाढला तर फक्त मास्क बदलतो, पत्ते तसेच राहतात. पूर्वी दोन्ही क्रमांक एकाच दिशेने दिले जात असल्याने हा अवकाश आरंभीच बुजत असे. पुढे पॉल फ्रान्सिस या नावाने ओळखल्या गेलेल्या याच संशोधकाने, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक खाजगी पत्ते झाकणाऱ्या पत्ता-रूपांतराचे १९९४ मधील टिपण सहलेखक म्हणून लिहिले.

वर्गपद्धतीचा त्याग : ऑगस्ट १९९० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीत फ्रँक सोलेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वाटपाचा वेग तसाच राहिल्यास ब वर्गाचे पत्ते मार्च १९९४ पर्यंत संपतील, असा अंदाज मांडला. त्याऐवजी क वर्गाचे अनेक पत्ते द्यावेत, तर राउटरांच्या तक्त्यातील नोंदी त्यांना पेलणार नाहीत इतक्या वाढत. एका संकटातून सुटण्याचा मार्ग दुसऱ्या संकटात नेणारा होता. याचा विचार करण्यासाठी नोव्हेंबर १९९१ मध्ये एक गट नेमण्यात आला.

संस्थेच्या आत उपजालांसाठी जे चालते ते संपूर्ण इंटरनेटसाठीही चालेल, या विचारातून उत्तर सापडले. व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू व कन्नन वरदन यांनी जून १९९२ मध्ये मांडलेली योजना सप्टेंबर १९९३ मध्ये मानक म्हणून पुढे आली. ती सी.आय.डी.आर. (उच्चार ‘सायडर’) या नावाने ओळखली जाते. तीत वर्ग रद्द झाले. सीमा कोणत्याही बिटावर असू शकते व ती पत्त्यापुढे तिरकी रेषा देऊन बिटांच्या संख्येने लिहितात, उदा., /२४ म्हणजे सीमा चोविसाव्या बिटानंतर. मास्क उजवीकडे सरकविला की समूहाचे विभाजन होते, डावीकडे सरकविला की अनेक समूह एकत्र होतात. क वर्गाचे योग्य जागी सुरू होणारे आठ सलग समूह /२१ या एकाच नोंदीत मावतात व त्यांत २,०४८ पत्ते येतात. तीनशे संगणकांच्या संस्थेस आता ६५,५३६ ऐवजी ५१२ पत्ते देऊन भागू लागले. मोठ्या जालांमधील मार्गांसाठी मास्कसह माहिती देणारी बी.जी.पी. या नियमावलीची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये मानक रूपाने आली.

या काळाची खूण भारतातील वाटपातही दिसते. इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या एर्नेट या शैक्षणिक जालात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र (एन.सी.एस.टी.), बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच भारतीय तंत्रविद्या संस्था (आय.आय.टी.) सहभागी होत्या. एर्नेटकडे १४४.१६ ने सुरू होणारा ब वर्गाचा समूह होता व तोच देशातील अनेक संस्थांत वाटून वापरला गेला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा वर्गपद्धती मानकांतून गेली होती आणि सढळ वाटपाचा काळही संपला होता.

नंतरची काटकसर : पत्ते वाचविण्याचे प्रयत्न पुढे अगदी टोकास गेले. दोन टोकांच्या तारेला चार पत्ते देणेही चैनीचे वाटू लागले. डिसेंबर २००० मध्ये /३१ या दोनच पत्त्यांच्या उपजालास मान्यता मिळाली, त्यात उपजालाचा स्वतःचा व सर्वांना उद्देशून असलेला हे दोन्ही पत्ते वगळले गेले. तरीही मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे समूह ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच विभागीय संस्थांना वाटले गेले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो त्याच्या संस्थेने १५ एप्रिल २०११ पासून सभासदास कमाल १,०२४ पत्ते देण्याचा निर्बंध घातला. एम.आय.टी.च्या न वापरलेल्या पत्त्यांत असे सु. चौदा हजार वाटे पडले असते.

इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असून टंचाईचा प्रश्न उरलेला नाही. तीत सर्वसाधारण उपजालाची सीमा चौसष्टाव्या बिटानंतर ठरलेली आहे, मग त्यात संगणक दोन असोत वा दोन हजार. सम विभाजनच तेथे पुन्हा आले आहे. संस्थेच्या वाट्याचे पत्ते शाखा, इमारत व मजला यांनुसार विभागताना मात्र विषम आकार वापरले जातात. राउटरांना जोडणाऱ्या तारांसाठी दोनच पत्त्यांचे /१२७ हे उपजाल वापरण्यास एप्रिल २०११ मध्ये मान्यता देण्यात आली, पण त्याचे कारण काटकसर हे नव्हते. तारेच्या दोन टोकांवर वापरात नसलेल्या असंख्य पत्त्यांकडे मुद्दाम संदेश पाठवून राउटरला गुंतवून ठेवता येते. तो धोका टाळण्यासाठी ही तरतूद केलेली आहे.